इंटरस्टेट ६९ आणि त्याच्या फांद्या नकाशावर कशा काढायच्या

इंटरस्टेट ६९ म्हणजे अमेरिकेतला, अजून तुकड्यातुकड्यांनी बांधला जाणारा महामार्ग. आधी गुगल माय मॅप्समध्ये (स्वतःचा नकाशा काढायचं गुगलचं साधन) तीन लेयर करा, झालेला रस्ता, काम चालू आणि नुसता कागदावरचा. सुरुवात वरून, मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉनपासून. खरी गंमत टेक्सासमध्ये आहे, व्हिक्टोरियाला फाटा फुटतो, ६९ई ही फांदी यूएस ७७ हा जुना हायवे धरून ब्राउन्सव्हिलला जातो आणि ६९डब्ल्यू यूएस ५९ वरून लरेडोकडे, मग जॉर्ज वेस्टला त्यातूनच ६९सी निघून यूएस २८१ ने फारला जातो (हो, गावाचं नावच फार आहे). तिघांना वेगळे रंग द्या नाहीतर खिचडी होते. टेनाहाहून टेक्सारकानाकडची ३६९ ही फांदी पण घ्या. आणि न झालेल्या भागाला ड्रायव्हिंगवाली रेघ अजिबात नको, ती जुन्या रस्त्यालाच जाऊन चिकटते, माझी अख्खी संध्याकाळ गेलीय त्यात, साधी रेघ घ्या आणि वळणावळणावर क्लिक करत चला.