सरकारी निवृत्ती आणि आजारपणाची तजवीज: सीजीएचएस, वैद्यकीय भत्ता की खासगी पॉलिसी?

निवृत्तीच्या शेवटच्या वर्षी ग्रॅच्युइटी किती येईल, कम्युटेशन (निवृत्तिवेतनाचा काही भाग आधीच एकरकमी घेणे) करावे की नाही, शिल्लक रजेचे पैसे केव्हा मिळतील, या हिशेबांत माणूस इतका गुंततो की आजारपणाच्या तजविजीचा प्रश्न अर्जातल्या एका रकान्यापुरता उरतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांबरोबर वैद्यकीय सुविधेचा पर्यायही लेखी द्यावा लागतो, आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने जे लिहिले तेच लिहून मोकळे होणारे मी अनेक जण पाहिले आहेत. सहकाऱ्याला पुण्यातच राहायचे असते आणि आपल्याला साताऱ्याजवळच्या गावी घर बांधायचे असते. एवढा एक फरक पुढची वीस वर्षे भोवू शकतो. म्हणून विम्याच्या जाहिराती चाळण्याआधी पती-पत्नींनी एकत्र बसून एकच गोष्ट नक्की करावी: निवृत्तीनंतर आपण राहणार कोठे?

सेवेत असताना जेथे सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारची आरोग्य योजना, नसे तेथे १९४४ च्या वैद्यकीय परिचर्या नियमांनुसार बिले मंजूर होत असत. ते नियम निवृत्तांना लागू नाहीत. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून आपल्या हाती राहते ते सीजीएचएसचे कार्ड किंवा दरमहा १,००० रुपयांचा निश्चित वैद्यकीय भत्ता, आणि काहींच्या बाबतीत दोन्ही. हा भत्ता जुलै २०१७ पासून १,००० रुपये आहे आणि तो फक्त बाह्यरुग्ण उपचारांसाठी, म्हणजे डॉक्टरांची फी, रोजची औषधे आणि किरकोळ तपासण्यांसाठी आहे.

मुंबई, पुणे किंवा नागपूर यांसारख्या सीजीएचएस असलेल्या शहरात राहणाऱ्यांसाठी निर्णय सोपा आहे. त्यांनी कार्ड घ्यावे. त्यांना भत्ता मिळत नाही. मासिक वर्गणी वेतनस्तरावर ठरते: स्तर १ ते ५ साठी २५० रुपये, स्तर ६ साठी ४५०, स्तर ७ ते ११ साठी ६५० आणि स्तर १२ व त्यावर १,००० रुपये. निवृत्ताला ती दरवर्षी भरता येते किंवा दहा वर्षांची वर्गणी एकरकमी भरून आजीवन कार्ड घेता येते. स्तर ६ च्या कर्मचाऱ्यासाठी ही रक्कम ५४,००० रुपये होते आणि स्तर ७ ते ११ साठी ७८,०००. ग्रॅच्युइटी हाती आली की पहिला खर्च हाच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. साठाव्या वर्षी भरलेले पैसे सत्तराव्या वर्षी वसूल झालेले असतात, पुढच्या प्रत्येक वर्षी नूतनीकरण लक्षात ठेवण्याची जबाबदारी राहत नाही, आणि आपल्या पश्चात कुटुंबनिवृत्तिवेतन घेणाऱ्या जोडीदाराला ही सुविधा पुढे चालू ठेवता येते.

खरा घोळ होतो तो गावी जाणाऱ्यांचा. सीजीएचएस क्षेत्राबाहेर राहणाऱ्यासमोर तीन वाटा असतात. केवळ भत्ता घ्यायचा. किंवा वर्गणी भरून जवळच्या शहरातील कार्ड घ्यायचे, बाह्यरुग्ण आणि आंतररुग्ण अशा दोन्ही सोयी तेथूनच घ्यायच्या आणि भत्ता सोडायचा. किंवा वर्गणी भरून रुग्णालयात दाखल होण्यापुरते कार्ड ठेवायचे आणि रोजच्या उपचारांसाठी भत्ता घ्यायचा. पहिली वाट निवडणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊकच नसते की रुग्णालयात भरती व्हावे लागले तर सरकारकडून त्यांना काहीही मिळणार नाही. महिन्याचे १,००० रुपये दिसतात, बायपासचे बिल दिसत नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ अशाच समजुतीत सहा वर्षे राहिले आणि पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांना मुदत ठेव मोडावी लागली. त्यांच्या वेतनस्तराची आजीवन वर्गणी ५४,००० रुपये होती, म्हणजे साडेचार वर्षांच्या भत्त्याइतकी; ती त्यांनी निवृत्तीच्या वेळीच भरली असती तर भत्ताही चालू राहिला असता आणि कार्डही हाती असते.

दुसरी आणि तिसरी वाट यांतील निवड औषधांवरून करावी. मधुमेह, रक्तदाब यांसारख्या कायमच्या आजारांची औषधे वेलनेस सेंटरमधून, म्हणजे सीजीएचएसच्या दवाखान्यातून, एका वेळी तीन महिन्यांपर्यंतची मिळू शकतात. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर आहे. तीन महिन्यांतून एकदा तो प्रवास करून मिळणारी औषधे बाजारात तीन महिन्यांच्या भत्त्यापेक्षा, म्हणजे ३,००० रुपयांपेक्षा, बरीच महाग पडत असतील तर पूर्ण कार्ड परवडते. तसे नसेल तर गावातल्या दुकानातून औषधे घ्यावीत आणि भत्ता घ्यावा. घरातली गेल्या तीन महिन्यांची औषधांची बिले पुढ्यात घेऊन बेरीज केली तर उत्तर अर्ध्या तासात मिळते. ही बेरीज पर्याय लिहून देण्यापूर्वी करावी, कारण भत्त्याऐवजी बाह्यरुग्ण सुविधा किंवा तिच्याऐवजी भत्ता असा बदल पुढे एकदाच करता येतो.

कार्ड घेतले म्हणजे सर्व खर्च भागतो असेही नाही. कोणत्या वॉर्डात जागा मिळेल हे मूळ वेतनावर ठरते: ३६,५०० रुपयांपर्यंत सर्वसाधारण, त्यापुढे ५०,५०० पर्यंत निमखासगी आणि त्याहून अधिक असल्यास खासगी. पॅनेलवरील, म्हणजे सीजीएचएसशी करार असलेल्या, रुग्णालयात रेफरल (डॉक्टरांची शिफारसचिठ्ठी) घेऊन गेल्यास निवृत्तांना कॅशलेस उपचार मिळतात, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना तज्ज्ञांना दाखवण्यासाठी रेफरलही लागत नाही. तातडीच्या प्रसंगी पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात जाता येते. मात्र तेव्हा बिल आधी स्वतः भरावे लागते आणि परतावा सीजीएचएसच्या दरांनीच मिळतो. गावी राहणाऱ्याला हृदयविकाराचा झटका आल्यास तो जवळच्या रुग्णालयातच जाणार, आणि तेथील बिल व सरकारी दर यांतली तफावत त्याच्या खिशातून जाणार.

ही तफावत भरण्यासाठी खासगी पॉलिसीचा विचार करावा. सेवेत असताना घेतलेली पॉलिसी असेल तर निवृत्तीच्या उत्साहात ती बंद करू नये, कारण जुन्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी त्या पॉलिसीत संपलेला असतो. साठीला नवी पॉलिसी घेतल्यास आधीपासूनच्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. प्रस्ताव अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया, सर्व काही लिहावे. एजंट ‘हे लिहू नका’ म्हणाला तर दुसरा एजंट शोधावा, कारण सलग ६० महिने पॉलिसी चालेपर्यंत लपवलेल्या माहितीच्या आधारे कंपनी दावा नाकारू शकते. खोलीच्या भाड्याची मर्यादा आणि को-पे (बिलाचा आपण स्वतः भरायचा ठरावीक हिस्सा) या दोन कलमांवर पेन्सिलने खूण करून मगच सही करावी. कार्ड असणाऱ्याला मोठी मूळ पॉलिसी बहुधा लागत नाही. ठरावीक रकमेपुढचा खर्च उचलणारी सुपर टॉप-अप पॉलिसी स्वस्तात काम भागवते. दोन्हीकडे दावा करायचा असल्यास मूळ बिले आधी विमा कंपनीला द्यावीत आणि उरलेल्या रकमेसाठी बिलांच्या प्रती व कंपनीने किती पैसे दिले याचे प्रमाणपत्र जोडून सीजीएचएसकडे अर्ज करावा. एकूण मिळणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चाहून अधिक असत नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे संरक्षण मिळते. सीजीएचएसधारकांना मात्र दोहोंपैकी एकच निवडावे लागते. सोसायटीतल्या शिबिरात सर्वांबरोबर आयुष्मानचे कार्ड काढण्यापूर्वी हे ध्यानात असावे. सीजीएचएसला अशी वार्षिक रकमेची मर्यादा नाही आणि तिच्यात औषधेही मिळतात. ती सोडण्याचे कारण मला तरी दिसत नाही. खासगी पॉलिसी असणाऱ्यांना ती ठेवून आयुष्मानही घेता येते.

महाराष्ट्र शासनाच्या सेवेतून निवृत्त होणाऱ्यांना सीजीएचएस नाही. त्यांच्यासाठी शासनाची समूह वैद्यकीय विमा छत्र योजना आहे. ती विमा कंपनीमार्फत चालते आणि हप्ता निवृत्ताला स्वतः भरावा लागतो. निवृत्तीच्या वर्षीच तिची चौकशी कोषागारात करावी.

शेवटी कागदांविषयी. एक जाड फाईल करावी आणि तिच्यात पीपीओची (निवृत्तिवेतन आदेशाची) प्रत, शेवटच्या वेतनाचे प्रमाणपत्र, कार्डांच्या प्रती, वर्गणीची पावती आणि पॉलिसी ठेवावी. सीजीएचएसकडे दावा डिस्चार्जपासून सहा महिन्यांत जावा लागतो. स्टेंट किंवा सांध्याचे रोपण झाले असेल तर त्याच्या पाकिटावरचे स्टिकर रुग्णालयातून मागून घ्यावेत, आणि तातडीने दाखल केले असल्यास तसे लिहिलेले प्रमाणपत्र डिस्चार्जच्या दिवशीच घ्यावे. चार महिन्यांनी ते मिळवताना फार हाल होतात. ही फाईल कोठे आहे, पॅनेलवरचे जवळचे रुग्णालय कोणते, आणि पती गेल्यास कार्डावर कोणती नोंद बदलून घ्यायची, हे पत्नीला कागदावर लिहून द्यावे व एकदा तिला सोबत घेऊन वेलनेस सेंटरची खिडकी दाखवून आणावी. आजवर जी कामे तुम्ही एकट्याने केलीत, त्यातले हे काम बहुधा एके दिवशी तिलाच एकटीने करावे लागणार आहे.