कोर्टात उभं राहताना: नव्या वकील मुलींसाठी

मुलींनो, जिल्हा न्यायालयात पक्षकार तुमचं बोलणं ऐकण्याआधी तुमचा कोट बघतो. शेजारी पुरुष ज्युनिअर असला की फाईल सरळ त्याच्या हातात देतो. हे मला आजही खटकतं. म्हणून पक्षकाराला भेटण्याआधीच कोट अंगात आणि बँड, म्हणजे वकिलाच्या पांढऱ्या पट्ट्या, गळ्याला असू द्या. जिन्यात बँड बांधत आलात, तर ‘मॅडम अजून शिकतायत’ हे त्याच्या मनात पक्कं होतं.

कोट शिंप्याकडूनच शिवून घ्या. माप बघताना जाड फाईल उचलल्यासारखे दोन्ही हात पुढे करा. पाठीत ओढ बसत असेल तर उलटतपासात निम्मं लक्ष कोटाकडे जाईल, आणि वकील अवघडलीय हे साक्षीदार लगेच हेरतो. बायकांच्या तयार कोटांना बरेचदा खिसे नसतात, असले तर नुसते दिखाव्याचे. आतून एक खोल खिसा आठवणीने सांगा. तारीख लिहून घ्यायला पेन हवं आणि तुम्ही पर्स उपसताय, हे दृश्य चांगल्या तयारीवरही पाणी फिरवतं.

बार कौन्सिल ऑफ इंडिया ही वकिलांची देशपातळीवरची नियामक संस्था; तिच्या नियमांत साडीही बसते, सलवार-कुर्ताही. साडी पांढरी, काळी किंवा सौम्य रंगाची, छपाई-नक्षी नसलेली हवी. कडक सुती साडी सकाळी रुबाबदार दिसते, पण जेवणाच्या सुट्टीनंतर चुरगळते. दुपारी युक्तिवाद असेल तर मिश्र धाग्याची नेसा. उन्हाळ्यात सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं सोडली तर काळा कोट सक्तीचा नाही. अनोळखी कोर्टात पहिल्या सुनावणीला तो घालाच, पुढे सवलत खुशाल घ्या. घामाने निथळत धड युक्तिवाद होत नाही.

बँड पिवळे पडले की सगळा पेहराव मळका दिसतो. इस्त्री केलेले दोन जादा जवळ ठेवा.

बांगड्या कमी घाला. साक्ष टाईप होत असताना त्यांची खळखळ झाली की टंकलेखकाचा शब्द निसटतो आणि न्यायाधीशांची नजर तुमच्या मनगटाकडे वळते. मंगळसूत्र घालत असाल तर बँडखाली राहू द्या.

केसांबद्दल थोडं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयात, महिला वकिलांनी कोर्टात केस सारखे करू नयेत, अशी सूचना लागली होती. टीका झाल्यावर ती मागे घेतली गेली, आणि तेच योग्य झालं. कामात खंड पडतो तो फोन वाजल्यानेही, पण बोट दाखवलं गेलं बाईच्या केसांकडे. केस बांधा ते स्वतःच्या सोयीसाठी: खाली वाकून कागद वाचताना बटा डोळ्यांवर आल्या की वाक्य तुटतं.

चप्पल सपाट आणि आवाज न करणारी निवडा. पुकारा झाला की दुसऱ्या मजल्यावर धावावं लागतं.

आणि घरी जाताना बाजारात थांबणार असाल तर बँड आणि वकिलीचा काळा गाऊन काढून ठेवा. कोर्टाबाहेर सार्वजनिक ठिकाणी ते घालायला नियमाने मनाई आहे.