कॉम्प्युटर सुरू होतानाच पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतोय? फॉरमॅटच्या आधी हे तपासा

लोगो येतो, ठिपके फिरतात, स्क्रीन काळी होते आणि पुन्हा लोगो. असा कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला की बऱ्याचदा पहिलं उत्तर मिळतं, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ लगेच हो म्हणू नका. फॉरमॅटमुळे विंडोज नव्याने बसतं, एवढंच. दोष एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा), रॅममध्ये (तात्पुरत्या मेमरीची पट्टी) किंवा प्रोसेसरच्या पंख्यात असेल तर नवं विंडोजही तसंच बंद पडेल. लग्नाचे फोटो, द्राक्षबागेचा जमाखर्च, मुलांचे प्रोजेक्ट मात्र पुसले गेलेले असतील. खालच्या बहुतेक तपासण्या घरी होतात. स्क्रू ड्रायव्हर, खोडरबर आणि सुटीची एक दुपार पुरते.

आधी पाहा : रीस्टार्ट नेमका कुठे होतो?

मोबाइलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढा. एखादा संदेश क्षणभरच झळकून जातो, तो व्हिडिओ थांबवून वाचता येतो. लोगो दिसण्याआधीच दोन-तीन सेकंदांत बंद पडत असेल तर वीज, रॅम किंवा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) यांच्याकडे बघायचं. लोगोखालचे ठिपके फिरताना पडत असेल तर विंडोज, ड्रायव्हर (सुटे भाग चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा डिस्क यांच्यावर संशय घ्यायचा.

आता एक सोपी चाचणी करा. बटण दाबल्याबरोबर डिलीट किंवा एफ २ ही कळ टिचकवत राहा (काही लॅपटॉपवर एफ १० किंवा एस्केप). बायोसचा (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डमधल्या प्रोग्रामचा) पडदा उघडला की वीसेक मिनिटं तसाच राहू द्या. इथे विंडोज सुरूच झालेलं नसतं. म्हणून इथेही रीस्टार्ट झाला तर दोष यंत्राचा, आणि फॉरमॅटचा विषयच संपला. बायोसमध्ये टिकला तर बहुधा विंडोज किंवा डिस्क. बहुधा म्हणायचं कारण, बायोसमध्ये यंत्रावर भार कमी असतो. कमजोर एसएमपीएस तिथे तग धरतो आणि विंडोज चढायला लागलं की मान टाकतो.

वीज : इथे घाई करू नका

नाशिकमध्ये मी पहिला संशय विजेवरच घेतो. पावसाळा लागला की लाइट ये-जा करते, मे महिन्यात एसी आणि कूलर एकदम चालू झाले की दिवे मंदावतात. एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्टपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो आणि ते स्थिर झाले की मदरबोर्डला ‘पॉवर गुड’ असा इशारा देतो. हा इशारा क्षणभर जरी गेला तरी मदरबोर्ड सगळं थांबवून पहिल्यापासून सुरुवात करतो. आपल्याला दिसतो तो रीस्टार्ट. आवाज नाही, जळका वास नाही, म्हणून विजेकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पहिलं काम, यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून कॉम्प्युटर थेट भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटला लावा. यूपीएसमधली बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते आणि असा यूपीएस गरजेच्या वेळी वीज तोडतो. थेट सॉकेटवर कॉम्प्युटर नीट चालला तर काम बॅटरी बदलण्यावर भागलं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग ठीक नाही. आधी वायरमनला बोलवा, कॉम्प्युटरचं नंतर बघू.

दुसरं, कीबोर्ड आणि मॉनिटर सोडून सगळं काढा : प्रिंटर, पेन ड्राइव्ह, वेबकॅम, वाय-फायचा डोंगल. ‘ओव्हर करंट’ असे शब्द स्क्रीनवर दिसत असतील तर एखाद्या यूएसबी पोर्टमध्ये किंवा त्याला लावलेल्या वस्तूत शॉर्ट आहे. पोर्टमधली वाकलेली पत्रीही त्याला पुरते.

तिसऱ्या कामासाठी कॅबिनेट उघडावं लागतं. प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग बाजूचं झाकण काढून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. मदरबोर्डवरचा २४ पिनांचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा छोटा कनेक्टर घट्ट दाबून बसवा. रीसेट बटणाची बारीक वायर मदरबोर्डवरून काढून बघा. ते बटण धुळीने आत अडकलं तर यंत्र सतत रीसेट होत राहतं, आणि ही साधी गोष्ट फार वेळा नजरेतून सुटते. कपॅसिटरचे (मदरबोर्डवरच्या वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांचे) माथे फुगलेले दिसले तर मदरबोर्ड थकला आहे. झुरळं, मुंग्या, पालीची अंडीही आत सापडतात, ती मऊ ब्रशने काढा.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकी वीज साठलेली असू शकते. खात्री करायची तर ओळखीच्यांकडून तेवढ्याच वॅटचा चालू एसएमपीएस मागून लावून बघा.

रॅम, पंखा, सेल

रॅमच्या दोन्ही टोकांच्या कड्या उघडून पट्टी काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलकेच घासा, चुरा झटका आणि टक् असा आवाज येईपर्यंत परत बसवा. दमट हवेत या पट्ट्यांवर थर चढतो. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, वेगवेगळ्या खाचेत बसवून बघा.

प्रोसेसरचा पंखा फिरतो का, त्याखालचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) हलतो का, तेही पाहा. रीस्टार्ट झाल्याझाल्या पुन्हा चालू केल्यावर कॉम्प्युटर आधीपेक्षा लवकर बंद पडत असेल तर ती उष्णतेची खूण. धूळ काढा, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावा.

दरवेळी तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल संपला की बायोसच्या सेटिंग मूळपदावर जातात, डिस्कचा मोड बदलू शकतो आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही.

विंडोजवर संशय असेल तर

विंडोज १० आणि ११ मध्ये, लोगो दिसताच पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून बंद करा. असं सलग दोन-तीनदा केलं की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. त्यात ट्रबलशूट, मग अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन रीस्टार्ट करा आणि आलेल्या यादीतला ९ हा आकडा दाबा. आता बिघाड झाल्यावर कॉम्प्युटर आपोआप रीस्टार्ट होणार नाही, बिघाडाचं नाव पडद्यावर थांबेल. ‘मेमरी मॅनेजमेंट’ असेल तर रॅम पुन्हा तपासा, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असेल तर डिस्क, तिची केबल किंवा बायोसमधला मोड.

त्याच पडद्यावरून आधी स्टार्टअप रिपेअर चालवा. नुकतंच अपडेट आलं असेल तर अनइन्स्टॉल अपडेट्स. तरी जमलं नाही तर सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणारं विंडोज) जाऊन नवा ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस काढा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर असेच रीस्टार्टच्या फेऱ्यात अडकले होते. त्यातले कितीतरी सेफ मोडमध्ये एक फाइल पुसून पूर्ववत झाले, फॉरमॅट न करता. मध्येच बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी किल्ली मागितली तर दुसऱ्या यंत्रावरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बघा, बहुधा तिथे असते.

फाइल्स वाचवायच्या तर

मित्राच्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबंटू किंवा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या, लिनक्सवर आधारलेल्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) तयार करा आणि ‘ट्राय’ हा पर्याय घेऊन तुमचं यंत्र त्यावरून चालवा. इन्स्टॉलवर क्लिक करू नका. डिस्क उघडून हवं ते बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवा. लिनक्स तासभर विनातक्रार चाललं तर यंत्र ठीक आहे, बिघाड विंडोजमध्ये किंवा डिस्कमध्ये. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र हे काहीही न करता कॉम्प्युटर बंद ठेवा. चालू ठेवलेला प्रत्येक मिनिट तिला आणखी खराब करतो.

शेवटी दुकान गाठावंच लागलं, मग ते एम. जी. रोडवरचं असो की सिडकोतलं, तर काढलेला व्हिडिओ दाखवा, बायोसमध्ये यंत्र किती वेळ टिकलं ते सांगा आणि पावतीवर ‘डेटा पुसू नये’ असं लिहून घ्या. नवा एसएमपीएस घेण्याआधी दुकानातला लावून दाखवायला सांगा, आणि बदललेला जुना भाग परत मागा.