संत्र्याच्या पांढऱ्या शिरा काढू नका

संत्रं सोललं की आपण पांढऱ्या शिरा काढून टाकतो, नाहीतर रस पिऊन चोथा फेकतो. पण हेस्पेरिडिन हा फ्लेव्होनॉइड (वनस्पतींत आढळणारा नैसर्गिक घटक) शिरांत आणि फोडीच्या पातळ सालीतच जास्त असतो. अमेरिकेतल्या सुमारे 70 हजार नर्सेसच्या 14 वर्षांच्या पाहणीत (2012) संत्रं-मोसंबीतले असे फ्लेव्होनॉइड जास्त खाणाऱ्यांत गुठळीमुळे होणाऱ्या स्ट्रोकचं प्रमाण 19 टक्के कमी दिसलं.

1. फक्त वरची जाड साल काढा.
2. फोड शिरांसकट चावून खा. नागपुरी संत्र्याच्या शिरा फारशा कडू लागत नाहीत.
3. मोसंबीचा ज्यूस नको, सोलून फोडी खा.

पपनस मात्र जपून. कोलेस्टेरॉलच्या किंवा बीपीच्या काही गोळ्यांचा परिणाम त्याने वाढतो, डॉक्टरांना आधी विचारा.