पहिली बुद्धिबळ स्पर्धा : मोबाइलच्या सवयीने होणाऱ्या या चुका टाळा

माझी पहिली स्पर्धा मी वयाच्या अडतिसाव्या वर्षी खेळलो. रविवार, मंगल कार्यालय, एका दिवसात आठ फेऱ्यांची रॅपिड, म्हणजे कमी वेळेच्या डावांची स्पर्धा. रोज रात्री मोबाइलवर खेळून खेळून वाटत होतं, चार-पाच गुण तर कुठे जात नाहीत. दुसऱ्या फेरीत समोर तिसरी-चौथीतली मुलगी आली. मी ऐटीत किल्लेकोट केला : आधी हत्ती उचलून राजाशेजारी ठेवला, मग राजा त्याच्या पलीकडे. तिने हात वर केला. पंच आल्यावर एवढंच म्हणाली, "काकांनी आधी हत्तीला हात लावला."

नियम तिच्या बाजूने होता. किल्लेकोट ही राजाची चाल. आधी राजा दोन घरं सरकवायचा, मग हत्ती, आणि दोन्ही एकाच हाताने. हत्तीला आधी हात लागला तर त्या चालीला त्या बाजूचा किल्लेकोट नाही, हत्तीच हलवावा लागतो. माझा राजा पटाच्या मधोमध अडकला आणि थोड्याच चालींत आटोपला.

मोबाइलवर मी हजारो डाव खेळलो होतो, पण एकदाही स्वतःच्या हाताने किल्लेकोट केला नव्हता. राजा सरकवला की हत्ती आपोआप उडी मारायचा. नवख्यांच्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. खेळ येत असतो, पण मोबाइल गुपचूप करत असलेली कामं येत नसतात.

हात आवरा

स्क्रीनवर सोंगटी उचलून परत ठेवता येते. इथे मुद्दाम हात लावला की तीच हलवायची, समोरच्याच्या सोंगटीला लावला तर ती मारायची (नियमात बसत असेल तर). सोंगटी नीट घरात बसवायची असेल तर आधी "अ‍ॅडजस्ट" म्हणा, मग हात लावा. हा क्रम उलटा झाला की काय होतं ते 2016 च्या मॉस्कोतल्या कँडिडेट्स (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या) स्पर्धेत ग्रँडमास्टर हिकारू नाकामुराने दाखवून दिलं. राजाला हात लावला, मग अ‍ॅडजस्ट करतोय म्हणाला. समोरच्या लेव्हॉन अरोनियनने ते मानलं नाही, राजा हलवावा लागला आणि डाव गेला. यावर उपाय साधा आहे : विचार करताना हात मांडीवर किंवा टेबलाखाली.

प्याद्याचा वजीर करतानाही असंच. जादा वजीर जवळ नसेल तर घरी आपण हत्ती उलटा ठेवून "हा वजीर" म्हणतो. स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच. घड्याळ थांबवा, पंचांकडून वजीर मागून घ्या, मग चाल करा.

घड्याळ तुमचं तुम्ही दाबायचं

पहिल्या फेरीत हे हमखास विसरतं. चाल करून तुम्ही विचारात गढलेले आणि वेळ तुमचाच जातोय. समोरच्याने आठवण करून द्यावी असा नियम नाही, आणि बरेच जण देत नाहीत. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. चाल न करता दाबलं किंवा मारताना दोन्ही हात वापरून दाबलं तर ती बेकायदा चाल धरली जाते.

वेळेचं गणितही आधी विचारून घ्या. 15 अधिक 10 म्हणजे पंधरा मिनिटं आणि प्रत्येक चालीला दहा सेकंदांची भर. हे विचारायला लाज कसली? 2015 च्या नॉर्वे चेस स्पर्धेत तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन उशिरा आला, पंचांची सूचना ऐकायची राहिली, साठाव्या चालीनंतर जादा वेळ मिळेल या समजुतीत बसला आणि टोपालोव्हविरुद्ध जिंकत आलेला डाव वेळेवर हरला.

समोरच्याचा वेळ संपला तर मोबाइल लगेच निकाल सांगतो. इथे पंच शंभर पट सांभाळत असतात. त्यांच्या लक्षात आलं नाही तर तुम्हीच घड्याळ थांबवून सांगायचं.

राजा मारू नका

समोरच्याने शहातून राजा काढलाच नाही, तर घरच्या सवयीने "मारला राजा!" करू नका. ती तुमचीच बेकायदा चाल ठरेल. घड्याळ थांबवा, हात वर करा. पहिल्या बेकायदा चालीला तुम्हाला दोन मिनिटं जादा मिळतात (रॅपिडहूनही झटपट अशा ब्लिट्झमध्ये एक), दुसरीला साधारणपणे डावच मिळतो. पण रॅपिडमध्ये हे तुमची पुढची चाल होण्याआधी सांगावं लागतं. नंतर आठवलं तर उपयोग नाही, डाव तसाच पुढे चालतो. आजोबांचे घरगुती नियमही, म्हणजे पहिल्याच चालीला दोन प्यादी एकेक घर वगैरे, मंगल कार्यालयाच्या दारातच सोडा.

बरोबरी मागण्याची रीत

आधी चाल करा, मग विचारा, मग घड्याळ दाबा. समोरचा विचार करत असताना दर मिनिटाला "ड्रॉ?" विचारणं हा त्रास देणं आहे, पंच समज देतात. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली तर मोबाइल बरोबरी जाहीर करून टाकतो. पटावर ती मागावी लागते. तुमच्या चालीने तिसऱ्यांदा येणार असेल तर चाल पटावर न करता कागदावर लिहून पंचांना सांगायचं. नवखे आधी चाल करतात, घड्याळ दाबतात आणि हक्क घालवतात. आपोआप बरोबरी थेट पाचव्यांदा होते.

रॅपिडमध्ये चाली लिहाव्या लागत नाहीत. क्लासिकलमध्ये, म्हणजे लांब वेळेच्या डावांत, लागतात, म्हणून घरी दहा डाव लिहून सराव करा. चाल आधी करायची, मग लिहायची.

फोन

बंद करून पंच सांगतील तिथे ठेवा. स्मार्टवॉचही काढा. रुस्लान पोनोमारियोव्ह एकेकाळचा फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) जगज्जेता. 2003 मध्ये युरोपियन सांघिक स्पर्धेत त्याचा फोन वाजला आणि डाव तिथेच हरला. तुम्हाला वेगळी वागणूक मिळणार नाही.

जाण्यापूर्वी

माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. पट आणि घड्याळ खेळाडूंनी आणावं असं बऱ्याचदा तिथेच बारीक अक्षरात असतं. आदल्या दोन आठवड्यांत खऱ्या पटावर खेळा, कारण सपाट स्क्रीनवर लगेच दिसणारा लांबचा उंट समोर उभ्या सोंगट्यांच्या गर्दीत दिसत नाही. माझे दोन वजीर असेच गेले. आठ फेऱ्या म्हणजे पूर्ण दिवस, तेव्हा डबा आणि पाणी सोबत हवं. जेवणाच्या सुट्टीत वडापाव हाणून पाचव्या फेरीत पेंगणारे मी पाहिलेत, एकदा आरशातही.

दोन डाव हरलात म्हणून घरी निघू नका. या स्पर्धा बाद पद्धतीच्या नसतात. स्विस पद्धतीत साधारण सारख्या गुणांचे खेळाडू एकमेकांसमोर येतात, त्यामुळे हरत गेलात तर तुमच्याच ताकदीचा कुणीतरी समोर येतो. खरी मजा तिथे सुरू होते. जावंच लागलं तर पंचांना सांगून जा, नाहीतर पुढच्या फेरीत कुणीतरी तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहील. आणि प्रत्येक फेरीनंतर भिंतीवरच्या यादीत आपला निकाल बरोबर लागलाय का ते बघा. मी एकदा जिंकलेला डाव समोरच्याच्या नावावर चढला होता, पुढच्या फेरीची जोडी लागण्याआधी दिसला म्हणून दुरुस्त झाला.