अमेरिकेत ड्रोन उडवण्यापूर्वी रिमोट आयडीचा क्रमांक पडताळून घ्या

अमेरिकेत ज्या ड्रोनची नोंदणी करावी लागते, त्याने उड्डाणादरम्यान आपली ओळख, स्थान, उंची आणि वेग रेडिओ संकेतांद्वारे सतत प्रसारित करणे (यालाच ‘रिमोट आयडी’ म्हणतात) बंधनकारक असून, या नियमाच्या अंमलबजावणीत दिलेली सवलत 16 मार्च 2024 रोजी संपली आहे. हौसेखातर उडवल्या जाणाऱ्या 250 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या ड्रोनला यातून सूट आहे. मात्र वजन उड्डाणाच्या वेळचे धरले जाते, त्यामुळे मोठी बॅटरी किंवा पंख्यांचे संरक्षक कडे बसवल्यावर ड्रोन पुन्हा काट्यावर ठेवून पाहावा. व्यावसायिक कामासाठी ही सूट लागू नाही, आणि लग्नाचे चित्रीकरण पैसे घेऊन करणे हे व्यावसायिक कामच ठरते.

सर्वाधिक घोटाळा अनुक्रमांकाचा होतो. खोक्यावर छापलेला क्रमांक आणि रिमोट आयडीचा क्रमांक वेगवेगळे असू शकतात. म्हणून ड्रोनच्या रिमोट कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये दिसणारा रिमोट आयडीचा क्रमांक एफएए ड्रोनझोन या अमेरिकी हवाई वाहतूक प्रशासनाच्या (एफएए) संकेतस्थळावरील आपल्या नोंदणीत अक्षर न् अक्षर जुळवून भरावा. जुन्या ड्रोनवर स्वतंत्र प्रसारण मॉड्यूल (हे संकेत पाठवणारे वेगळे उपकरण) बसवता येते, पण मग ड्रोन कायम नजरेच्या टप्प्यात ठेवावा लागतो. मॉड्यूल उड्डाण जेथून सुरू झाले ती जागा प्रसारित करते, तर अंगभूत यंत्रणा उडवणाऱ्याचे चालू स्थान कळवते. त्यामुळे घराच्या अंगणातून ड्रोन उडवल्यास घराची जागाही प्रसारित होऊ शकते; हा फरक लक्षात घेऊनच जागा निवडावी.