उतारावरच्या मक्यात गिरिपुष्प : या चुका टाळा

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडच्या डोंगरउतारांवर मक्यात गिरिपुष्पाच्या म्हणजे उंदीरमारीच्या (ग्लिरिसिडिया) झाडांच्या ओळी लावायच्या त्या माती अडावी आणि पाला शेतातच मिळावा म्हणून. मका खुजा राहिला की दोष झाडाला जातो. खरं तर चूक बहुधा ओळ आखताना झालेली असते, नाहीतर कोयता उशिरा चाललेला असतो.

सगळ्यात महागात पडते नजरेने आखलेली ओळ. ती समपातळीत नसेल तर पाणी कडेने वाहत सखल जागी साचतं, तिथेच फोडून निघतं आणि खाली घळ पडते. दोन-दोन मीटरच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, मधे एक आडवी काठी आणि शेंड्यावरून दोरीला दगड, समपातळी आखायला एवढी चौकट पुरते. पण आधी तिची पारख करा. दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा, चौकटीचे पाय त्याच दोन जागांवर अदलाबदल करून ठेवा, पुन्हा खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. एवढं टाळलं की अख्खं शेत तिरकं आखलं जातं.

झाडांच्या दोन पट्ट्यांत ४ ते ६ मीटर अंतर ठेवा, उतार तीव्र असेल तर ४. पट्टा जोडओळीचा हवा, दोन ओळींत ५० सेंमी. मधे रोप मेलं तर त्याच पावसाळ्यात नांगं म्हणजे रिकाम्या जागा भरा आणि छाटलेल्या काड्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला आडव्या रचा. फांदी रोवून लावणं सोपं, पण तिची मुळं उथळ पसरतात आणि मक्याशी भांडतात. बियाण्याच्या रोपाचं सोटमूळ खोल जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशवीत बी टाका, जूनच्या पावसात लावा.

पट्ट्यालगतच्या मक्याच्या ओळी खुज्या दिसतात? दुपारी पानं गुंडाळत असतील तर भांडण पाण्याचं आहे : झाडापासून ५० सेंमीवर नांगराचं एक खोल तास घाला, मुळं तुटतील. ताटं बारीक, फिकट आणि झाडापासून बाहेर झुकलेली असतील तर सावली नडते. मक्याची पहिली ओळ मुळात झाडांपासून पाऊण ते एक मीटर दूर हवी.

छाटणी पेरणीआधी आठवडाभर आणि पुन्हा ३०-३५ दिवसांनी, गुडघा ते मांडीइतक्या उंचीवर. पहिल्या वर्षी मात्र छाटू नका. उन्हाळ्यात पाला बराच झडतो, म्हणून जूनच्या छाटणीवर नत्राचा हिशोब बांधू नका. १०० किलो ओल्या पाल्यातून अर्धा-पाऊण किलो नत्र येतं, तेही पाला नांगराच्या तासात घालून मातीआड केला तर. उघडा वाळला की त्यातलं बरंच हवेत जातं. खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेच्या कडेने पिवळी पडली तर नत्र कमी, युरिया द्या. रोपं जांभळी दिसली तर बहुधा स्फुरद (फॉस्फरस) कमी, आणि ते पाल्याने भागत नाही, पेरणीबरोबरच द्यावं लागतं.

मका निघाला की गुरं-शेळ्या मोकळ्या सुटतात. सवय नसलेली जनावरं उंदीरमारीला वासामुळे सहसा लवकर तोंड लावत नाहीत. पट्ट्यात सुबाभूळ लावली असेल तर ती मात्र बुडापर्यंत खातात, म्हणून तिला पहिली दोन वर्षं बाभळीच्या काट्यांचं कुंपण लागतंच. सुबाभळीच्या शेंगा पिकायच्या आत कापा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात मक्यात तिचंच तण निंदत बसाल.